अन्ननलिकेचा कर्करोग व शरीरमेद
अन्ननलिकेचा कर्करोग व शरीरमेद : घशापासून जठरापर्यंत अन्न वाहून नेणाऱ्या सु. २५ सेंमी. लांबीच्या स्नायुमय नळीला अन्ननलिका किंवा ग्रसिका म्हणतात. तिच्या आतील अस्तरात उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदांना एकत्रितपणे अन्ननलिकेचा कर्करोग असे नाव असले, तरी या एका नावाखाली वस्तुतः दोन भिन्न रोग मोडतात. त्यांपैकी एकाचा धोका शरीरातील मेदाबरोबर वाढत जातो. दुसरा मुख्यत्वे तंबाखू व मद्य यांच्याशी आणि निकस आहाराशी निगडित असून तो कृश व्यक्तींत अधिक आढळतो. मेद आणि हा रोग यांच्या संबंधाचा इतिहास म्हणजे एका अर्थी हे दोन रोग एकमेकांपासून वेगळे ओळखले जाण्याचा इतिहास होय. देवरूख (जि. रत्नागिरी) व त्याच्या आसपासच्या दक्षिण कोकणातील लोकांच्या दृष्टीने या भेदाला विशेष महत्त्व आहे. कारण पश्चिमेकडील देशांत मिळालेला निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू केल्यास सडपातळ माणूस या रोगापासून सुरक्षित असतो, असा घातक गैरसमज होण्याचा संभव असतो.

दोन प्रकार : अन्ननलिकेचे स्वाभाविक अस्तर चपट्या कोशिकांच्या अनेक थरांचे बनलेले असते. या कोशिकांपासून होणाऱ्या कर्करोगास पट्टकी कर्करोग म्हणतात. तो बहुधा नलिकेच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात होतो. दुसरा प्रकार ग्रंथिल कर्करोगाचा. तो श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथिमय कोशिकांपासून, बहुधा नलिकेच्या खालच्या तृतीयांशात, जठराच्या मुखाजवळ उद्‌भवतो. जगाचा एकत्रित विचार केल्यास पहिला प्रकारच फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२० मध्ये जगात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सु. ६ लक्ष ४ हजार नवे रुग्ण झाले, असा अंदाज आहे. त्यांपैकी सु. ८५ टक्के पट्टकी व सु. १४ टक्के ग्रंथिल प्रकाराचे होते. भारतातही पट्टकी प्रकारच बहुसंख्य आहे. उलट अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन इ. काही देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोऱ्या पुरुषांत ग्रंथिल प्रकाराने पट्टकी प्रकारास मागे टाकले.

मुंबईतील संशोधन : भारतात या रोगाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत सुरू झाला. परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उघडण्यात आले आणि तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी भारतीय लोकांच्या चालीरीती व सवयी आणि त्यांच्यात आढळणारे कर्करोग यांची सांगड घालण्यास आरंभ केला. खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. ल. दा. संघवी, के. सी. एम. राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबाखू ओढणे व चघळणे या सवयींचा पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध आकडेवारीनिशी मांडला.

रुग्णालयात येणाऱ्यांवरून संपूर्ण लोकसंख्येतील रोगमान कळत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी भारतीय कर्करोग संस्थेच्या वतीने डॉ. दा. ज. जस्सावाला यांनी १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी होय. पुढे १९७७ मध्ये कस्तुरी जयंत, संघवी, जस्सावाला प्रभृतींनी तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगांत धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा वाटा किती, याचे मोजमाप केले. ग्रामीण भागासाठी देशातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शी (जि. सोलापूर) येथे सुरू झाली.

या सर्व संशोधनात तंबाखू, सुपारी, मद्य व आहार यांचा विचार झाला; रुग्णाच्या शरीरातील मेदाचा प्रश्न मात्र अग्रभागी आला नाही. याचे कारण उघड आहे. मुंबईच्या रुग्णालयांत येणारा अन्ननलिकेचा रुग्ण बहुधा हडकुळा असे आणि त्याचा रोग बहुधा पट्टकी प्रकाराचा असे. मेदाचा प्रश्न उपस्थित झाला तो दुसऱ्या प्रकारच्या रोगामुळे व दुसऱ्या समाजात.

पश्चिमेकडील संशोधन : लंडन येथील शस्त्रक्रियाविशारद नॉर्मन बॅरेट (१९०३–७९) यांनी १९५० मध्ये अन्ननलिकेच्या खालच्या भागातील व्रणांचे वर्णन केले. ज्या नळीला जठरासारखे अस्तर आहे ती अन्ननलिका नसून वर ओढले गेलेले जठरच होय, असे त्यांचे मत होते. अ‍ॅलिसन व जॉनस्टन यांनी १९५३ मध्ये ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवून दिले आणि १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले. जठरातील अम्ल वारंवार वर येत राहिल्यास नलिकेचे चपट्या कोशिकांचे अस्तर नाहीसे होऊन तेथे स्तंभाकार कोशिकांचे अस्तर तयार होते. या स्थितीला पुढे बॅरेट यांचेच नाव मिळाले. तीतून ग्रंथिल कर्करोग उद्‌भवू शकतो, हे क्रमाने स्पष्ट होत गेले.

अमेरिकेतील नोंदींच्या आधारे ब्लॉट व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये असे दाखविले की, १९७६–८७ या काळात पुरुषांतील ग्रंथिल कर्करोगाचे प्रमाण दरवर्षी ४ ते १० टक्क्यांनी वाढत गेले होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या रोगाचे कारण आनुवंशिक असणे शक्य नव्हते. ते राहणीतील एखाद्या बदलात शोधणे भाग होते. त्याच काळात त्या समाजात स्थूलताही वाढत होती. १९९५ मध्ये ब्राउन प्रभृतींनी व १९९८ मध्ये चाउ प्रभृतींनी स्थूलता आणि हा रोग यांचा संबंध दाखविला.

या विषयातील सर्वांत उल्लेखनीय पाहणी स्वीडनमध्ये झाली. तेथे १९९५–९७ या काळात निदान झालेले अन्ननलिकेच्या ग्रंथिल कर्करोगाचे १८९ व पट्टकी कर्करोगाचे १६७ रुग्ण यांची ८२० निरोगी व्यक्तींशी तुलना करण्यात आली. लागरग्रेन व सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार देहभारांकाच्या सर्वांत वरच्या चतुर्थांशातील व्यक्तींना सर्वांत खालच्या चतुर्थांशातील व्यक्तींच्या मानाने ग्रंथिल कर्करोगाचा धोका सु. साडेसात पट होता. याच पाहणीत पट्टकी कर्करोगाचा देहभाराशी तसा संबंध आढळला नाही. एकाच देशात, एकाच वेळी व एकाच पद्धतीने पाहिलेल्या दोन रोगांची उत्तरे भिन्न आल्यामुळे दोहोंची कारणपरंपरा वेगळी आहे, या मताला बळकटी आली.

देहभारांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. बेल्जियन सांख्यिकीविज्ञ केटले यांनी १८३२ मध्ये मांडलेल्या या गुणोत्तरास १९७२ मध्ये अँसेल कीझ व सहकारी यांनी सध्याचे नाव दिले. रेनेहन व सहकारी यांनी २००८ मध्ये अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून असे दाखविले की, देहभारांकात ५ ने वाढ झाली म्हणजे ग्रंथिल कर्करोगाचा धोका पुरुष व स्त्रिया या दोहोंतही सु. दीडपट होतो, पट्टकी प्रकाराबाबत मात्र संबंध उलट दिशेचा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये केलेल्या पुनरीक्षणात शरीरमेदामुळे ज्यांचा धोका वाढतो अशा कर्करोगांत अन्ननलिकेच्या ग्रंथिल कर्करोगाचा समावेश केला. दुसऱ्या पुनरीक्षणानुसार अत्यंत स्थूल व्यक्तींत हा धोका प्राकृत वजनाच्या व्यक्तींच्या सु. ४·८ पट असतो.

कार्यकारणभाव : मेदामुळे रोग कसा होतो, याचे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला मार्ग यांत्रिक आहे. उदरातील मेदामुळे पोटातील दाब वाढतो, मध्यपटलाजवळील झडपेसारखी रचना सैल पडते, जठराचा काही भाग छातीत सरकू शकतो आणि अम्ल व पित्त यांचा उलटा प्रवाह नलिकेत होऊ लागतो. दीर्घकाळच्या या दाहातून बॅरेट-स्थिती व तीतून काही व्यक्तींत कर्करोग होतो. दुसरा मार्ग रासायनिक आहे. मेद हा केवळ निष्क्रिय साठा नसून त्यातून अनेक द्रव्ये रक्तात मिसळतात. आतड्यांभोवतीचा मेद वाढला म्हणजे रक्तातील इन्शुलीन व लेप्टीन यांचे प्रमाण वाढते, अ‍ॅडिपोनेक्टिनाचे घटते आणि दाह उत्पन्न करणारी द्रव्ये वाढतात. अशा वातावरणात कोशिकांच्या विभाजनास उत्तेजन मिळते व सदोष कोशिकांचा स्वाभाविक नाश मंदावतो. पुरुषांत मेद मुख्यत्वे पोटात साठतो. ग्रंथिल कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळण्याचे हे एक कारण मानतात.

कृशता व पट्टकी कर्करोग : पट्टकी कर्करोग कृश व्यक्तींत अधिक दिसतो, यावरून मेद या रोगापासून संरक्षण देतो असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. यात तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक म्हणजे, अन्ननलिका अरुंद झाल्यामुळे रुग्णाचा आहार निदानापूर्वी कित्येक महिने घटलेला असतो. अशा वेळी कृशता हे रोगाचे कारण नसून परिणाम असतो. दुसरे म्हणजे, तंबाखू ओढणारे लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने हडकुळे असतात व तंबाखू हेच या रोगाचे प्रमुख कारण आहे. तिसरे म्हणजे, दारिद्र्यामुळे आहारात फळे, भाज्या व जीवनसत्त्वे यांची वाण पडते. त्यामुळे शरीर कृश होते आणि नलिकेचे अस्तरही दुर्बल होते. पहिली दोन कारणे सांख्यिकीय रीतीने वजा केल्यावरही उलट संबंध काही प्रमाणात उरतो. पण तो वजन वाढविण्याचा सल्ला देण्याइतका अर्थपूर्ण नाही.

रत्नागिरी जिल्हा व देवरूख : देवरूख हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. भाताची खाचरे, वरकस जमिनीवरील नाचणी व वरी, आणि तरुण पुरुषांनी मुंबईहून पाठविलेली मनीऑर्डर यांवर येथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. मुंबईच्या कापडगिरण्यांना कामगार पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे स्थान अग्रगण्य होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. ती २००१ पेक्षा कमी होती आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांतूनही चाकरमान्यांचे स्थलांतर स्पष्ट होते.

या स्थलांतराचा रोगाच्या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. पाळ्यांचे काम, दाटीवाटीच्या खोल्या व खानावळीतील जेवण अशा जीवनात विडी व तंबाखू-चुना ही गिरणी कामगाराची नित्याची सोबत झाली. गावी राहिलेल्या स्त्रियांत भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मिश्री दातांना व हिरड्यांना चोळण्याची प्रथा होती. तंबाखूयुक्त पानविडा हा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगांचे कारण असल्याचा निर्णय उपर्युक्त आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. याच संस्थेने २०१६ मध्ये ६५° से. पेक्षा अधिक तापमानाची पेये बहुधा कर्कजनक असल्याचे नमूद केले. पेज किंवा चहा कढत असतानाच पिण्याची सवय या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. दोष पेजेचा नसून तिच्या तापमानाचा आहे.

दुसरा संबंध मोजणीशी आहे. लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी रुग्णाच्या राहण्याच्या ठिकाणावरून होते. देवरूखजवळच्या गावात जन्मून मुंबईत आयुष्य घालविलेल्या माणसाचा रोग मुंबईच्या खात्यावर जमा होतो. कामातून निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्यास रोग झाला, तर तो रत्नागिरीच्या खात्यावर पडतो. पण त्याचे मूळ मुंबईतील वर्षांत असू शकते. म्हणून केवळ गावातील रुग्णसंख्येवरून त्या गावाच्या आहाराविषयी किंवा शरीरयष्टीविषयी अनुमान करताना सावधगिरी बाळगावी लागते.

देवरूख येथे इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये मातृमंदिर ही संस्था सुरू केली. प्रसूती व बालसंगोपन यांपासून आरंभ झालेल्या या कार्याने परिसरातील खेड्यांना आरोग्यसेवेची ओळख करून दिली. त्या काळी या भागापुढील मुख्य प्रश्न अल्पपोषणाचा होता, मेदवृद्धीचा नव्हता. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालय व टाटा स्मारक केंद्र यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्यातील खेड्यांत कर्करोगतपासणीचे कार्य हाती घेतले. असे कार्यक्रम मुख्यत्वे तोंड, स्तन व गर्भाशयग्रीवा यांच्या कर्करोगांसाठी असतात. अन्ननलिका मात्र डोळ्यांनी वा हाताने तपासता येत नाही. तिच्यासाठी अंतर्दर्शकाची नळी आत घालावी लागते. त्यामुळे या रोगाबाबत गावोगावच्या तपासणीपेक्षा लक्षणांची वेळीच दखल घेणे अधिक निर्णायक ठरते.

कृश देहातील मेद : येथवरच्या विवेचनावरून शरीरमेदाचा प्रश्न कोकणापुरता गैरलागू आहे असे वाटण्याचा संभव आहे, तथापि पुणे येथील संशोधनाने या समजुतीस छेद दिला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व अर्भके यांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे ३·५ किग्रॅ. होते. असे असूनही स्नायू व इतर अवयव यांच्या मानाने भारतीय अर्भकांतील मेद फारसा उणा नव्हता. याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा देहभारांक २२·३ असा समान होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के मेद होता. म्हणजे काट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय माणूस आतून मेदयुक्त असू शकतो.

यामुळे देहभारांकाच्या पाश्चात्त्य मर्यादा येथे अपुऱ्या ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ मंडळाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ व २७·५ हे टप्पे सुचविले. भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अतिभार व २५ पासून स्थूलता मानावी, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांपेक्षा अधिक नसावा, असे मत दिले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सु. एक-पंचमांश स्त्रिया कृश, तर त्याहून किंचित अधिक स्त्रिया अतिभारी वा स्थूल आढळल्या. अल्पपोषण व मेदवृद्धी एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, नांदत असल्याचे यावरून दिसते. शेतीची कष्टाची कामे घटली, वाहने वाढली व आहारात तेल आणि साखर यांचा शिरकाव झाला, तसा हा बदल लहान गावांतही पोहोचला आहे.

मेद वाढला म्हणजे ग्रंथिल कर्करोग तत्काळ वाढतोच असे नाही. भारतात बहुसंख्य लोकांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो जठरव्रण व जठराचा कर्करोग यांस कारणीभूत होत असला, तरी दीर्घकालीन संसर्गात अम्लाचे प्रमाण घटल्यामुळे अन्ननलिकेच्या ग्रंथिल कर्करोगाचा धोका कमी होत असावा, असे आढळले आहे. शिवाय मेद साठणे, अम्लाचा उलट प्रवाह, अस्तरातील बदल व कर्करोग या पायऱ्यांत कित्येक दशके जातात. म्हणून आज तरुण असलेल्या पिढीचा मेद पुढे कोणत्या रूपाने प्रकट होईल, याचे उत्तर आगामी काळातील नोंदणीतूनच मिळणार आहे.

प्रतिबंध व व्यावहारिक महत्त्व : दोन रोगांची कारणे भिन्न असल्याने त्यांचे प्रतिबंधक उपायही भिन्न आहेत. पट्टकी कर्करोगासाठी विडी, मिश्री, गुटखा, सुपारी व मद्य यांचा त्याग आणि ताज्या भाज्या व फळे यांचा आहारात समावेश हे मुख्य उपाय होत. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. ग्रंथिल कर्करोगासाठी कमरेचा घेर मर्यादेत ठेवणे व वर्षानुवर्षे टिकणाऱ्या छातीतील जळजळीची वैद्यकीय तपासणी करून घेणे महत्त्वाचे असते. तंबाखूचा त्याग मात्र दोन्ही प्रकारांत हितकर आहे, कारण ग्रंथिल प्रकाराचा धोकाही धूम्रपानाने वाढतो.

लक्षणे दोन्ही प्रकारांत सारखीच असतात. प्रथम भाकरीसारखे कोरडे व घट्ट अन्न छातीत अडकल्यासारखे वाटते. पुढे भात उतरेनासा होतो आणि अखेरीस पेज व पाणीही जात नाही. या क्रमात रुग्ण आपले जेवण नकळत मऊ करीत जातो. घरच्यांना तो वयाचा किंवा दातांचा परिणाम वाटतो व मोलाचे महिने वाया जातात. रोग प्राथमिक अवस्थेत असताना शस्त्रक्रिया, प्रारण व औषधे यांचा चांगला उपयोग होतो. भाकरी अडकू लागल्यानंतर दीर्घकाळ थांबल्यास तो बहुधा लगतच्या अवयवांत पसरलेला असतो. म्हणून गिळताना प्रथमच होणारा व टिकून राहणारा अडथळा, मग तो स्थूल व्यक्तीत असो वा कृश, अंतर्दर्शनाने तपासून घेणे अगत्याचे आहे. देहाच्या आकारावरून रोग कोणत्या प्रकारचा असण्याचा संभव अधिक, एवढेच सांगता येते; तो नाहीच, असे सांगता येत नाही.